राज्यशास्त्र जरूर घ्या, पण हप्त्याचा हिशोब आधी मांडा

(बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या मार्गदर्शन शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. राज्यशास्त्रावर हा काय बोलणार, असं तुम्हाला वाटत असेल. विषय शिकवायला मी आलेलो नाही, आकडेमोड करायला आलोय. माझ्या चुलत बहिणीने राज्यशास्त्र घ्यायचं म्हटलं, तेव्हा आमच्या घरात दोन पक्ष पडले. एक म्हणाला, "बी.ए. करून मिळणार काय?" दुसरा म्हणाला, "पोरगी हुशार आहे, मोठ्या खासगी विद्यापीठात घाला, बँक कर्ज देतेच." दोघांपैकी एकानेही कागदावर आकडे मांडले नव्हते.

चला, आपण मांडू. समजा, खासगी विद्यापीठात तीन वर्षांच्या बी.ए.साठी दरवर्षी २ लाख, म्हणजे एकूण ६ लाखांचं कर्ज काढलं. व्याज १० टक्के. शिक्षण चालू असताना आणि नंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. बँक याला मोरेटोरियम म्हणते. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. पहिल्या २ लाखांवर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन वर्षांचं, तिसऱ्यावर दोन वर्षांचं साधं व्याज धरा. झाले १ लाख ८० हजार. म्हणजे परतफेड सुरू होते ७ लाख ८० हजारांपासून. दहा वर्षांची मुदत घेतली, तर महिना हप्ता सुमारे १०,३०० रुपये. दहा वर्षांत एकूण भरणार सुमारे १२ लाख ३७ हजार. घेतले होते ६ लाख.

आता दुसरी बाजू. समजा, पदवीनंतर पहिला पगार २५ हजार मिळाला. त्यातले १०,३०० हप्त्यात गेले. उरलेल्या पैशांत पुण्यात खोलीचं भाडं, मेस, बस आणि घरी पाठवायचे पैसे बसवून दाखवा.

माझा एक साधा नियम आहे. हप्ता पगाराच्या पाचव्या भागाच्या आसपास राहायला हवा. २५ हजारांचा पाचवा भाग ५ हजार. उलटा हिशोब केला, तर एवढ्या हप्त्यात साधारण ३ लाखांचं कर्ज बसतं. म्हणजेच, पहिल्या वर्षी जेवढा पगार मिळण्याची खात्री वाटते, त्याच्यापेक्षा जास्त कर्ज काढू नका.

पण राज्यशास्त्रात खरी अडचण पगाराच्या आकड्याची नाही, वेळेची आहे. इंजिनिअरिंगला बऱ्याच कॉलेजांत शेवटच्या वर्षी कंपन्या दारात येतात. राज्यशास्त्राच्या पदवीचं तसं नाही. तिचं चीज बहुतेकदा दुसऱ्या टप्प्यावर होतं. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करता येतं. बी.एड. करून शिक्षक होता येतं. एम.ए. करून नेट दिली आणि जेआरएफ मिळाली, तर संशोधनासाठी २०२३पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. यूपीएससी आणि एमपीएससीच्या राज्यसेवेला तर कोणतीही पदवी चालते. यूपीएससीत राज्यशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, पण त्यासाठी महागडी बी.ए. लागत नाही.

म्हणजे बघा, हप्ता सुरू होणार बी.ए.नंतर वर्षभरात, आणि कमाई जमणार आणखी दोन-तीन वर्षांनी. मधल्या काळात हप्त्यापायी मुलं मिळेल ती नोकरी धरतात आणि वकिली किंवा संशोधन राहून जातं. कर्ज ज्या वाटेसाठी काढलं, तीच वाट कर्जामुळे बंद होते.

म्हणून माझं म्हणणं असं: बी.ए. स्वस्तात करा. अनुदानित कॉलेजात फी परवडते. घरची जबाबदारी असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. वाचलेल्या पैशांतून इंग्रजी पक्कं करा, एक्सेल आणि आकडेवारी शिका, कोर्टात किंवा संस्थेत काम करून बघा. कर्ज काढायचंच असेल, तर ते दुसऱ्या पदवीसाठी राखून ठेवा. तोवर तुम्हाला कुठे जायचंय तेही कळलेलं असेल.

सरकारी मदत तपासा, पण गृहीत धरू नका. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने २०२२-२३पासून बंद केली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी 'पढो परदेस' योजनाही बंद झाली. नोव्हेंबर २०२४मध्ये पीएम विद्यालक्ष्मी मंजूर झाली. निवडक संस्थांत प्रवेश मिळाला, तर विनातारण कर्ज मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाला मोरेटोरियमच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. मात्र ही सवलत वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांपुरती आहे, आणि प्राधान्य सरकारी संस्थांना व तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. तुमचा अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशाआधी विचारा.

आपल्यापैकी काही घरांत व्याजाचं कर्ज घेतच नाहीत. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा निर्णय आहे. पण मग अम्मीचे दागिने मोडले जातात किंवा मामूंकडून हातउसने घेतले जातात. तेही कर्जच आहे. त्याला मोरेटोरियम नसतो, आणि मामूंच्या घरी लग्न निघालं की ते एकदम फेडावं लागतं. म्हणून किती घेतले, कधी परत करायचे, हे लिहून ठेवा. त्यात नात्याचा अपमान नाही. उलट नातं टिकतं.

मैत्रिणींनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. भावाच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढताना कुणी फारसे प्रश्न विचारत नाही. तुमच्या वेळी विचारतात, "लग्न झाल्यावर हप्ता कोण भरणार?" याचं उत्तर चिडून देऊ नका, कागदावर द्या. कर्ज नसलेली किंवा छोट्या कर्जाची बी.ए. घरच्यांना नाकारणं अवघड जातं.

शेवटी, पैशात न मोजता येणारं एक सांगतो. माझ्या वस्तीत इंजिनिअर भरपूर आहेत. पण प्रभागरचनेवर हरकत कशी नोंदवायची, महापालिकेच्या बजेटमध्ये आपल्या शाळेसाठी किती पैसे ठेवलेत, माहिती अधिकाराचा अर्ज फेटाळला तर अपील कुठे करायचं, हे विचारायला माणूस शोधावा लागतो. ही माणसं राज्यशास्त्र आणि कायदा शिकलेल्यांतून तयार होतात. ती आपल्याला हवी आहेत, आणि हप्त्याखाली दबलेली नको आहेत.

आज घरी गेल्यावर एक कागद घ्या. एकूण खर्च, एकूण कर्ज, महिना हप्ता आणि पहिला अपेक्षित पगार, असे चार आकडे लिहा आणि अब्बा-अम्मींसमोर ठेवा. मग विषय ठरवा.