मुद्रिकांतून भेटणारी भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू



१९०२ साली फ्रेड गेसबर्ग नावाच्या एका ध्वनिमुद्रकाने दोन दूरदूरच्या शहरांत दोन आवाज टिपले. एप्रिल महिन्यात इटलीतील मिलान येथे त्याने एन्रिको कारुसो या तरुण ऑपेरा-गायकाची गाणी मुद्रित केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलकात्यास येऊन गौहरजानचे गाणे मेणावर उतरविले. ऑपेरा हे पाश्चात्त्यांचे संगीत नाटकच. अंतर एवढेच की तेथे बहुतेक संवादही गाऊन होतात, आपल्याकडे गद्य आणि पद हातात हात घालून चालतात. कारुसोने रंगवलेला ‘पालियाच्ची’मधील दुःखी विदूषक ज्यांनी रंगमंचावर कधीच पाहिला नाही, अशा लाखो लोकांना तो तबकडीवरून भेटला. मराठी रंगभूमीवर हे भाग्य ज्यांच्या वाट्यास सर्वाधिक आले, ते नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

१८८८ साली जन्मलेले बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले, १९१३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली आणि सुमारे तीन दशके त्यांनी स्त्रीभूमिकांचे राज्य केले. पुरुषाने स्त्री रंगविणे ही गोष्ट छत्तीसगढच्या श्रोत्यांना नवलाची वाटू नये. येथील नाचामध्ये ‘परी’ होऊन रात्र जागविणारे कलावंत पुरुषच असत. रवेलीच्या दाऊ दुलारसिंह मंदराजींनी त्याच परंपरेला शिस्त लावली. फरक आहे तो नाट्यपदांचा, आणि पदे म्हटली की मुद्रिका आलीच.

त्या काळी ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. रंगमंचावर मात्र तेच पद ‘वन्स मोअर’च्या गजरात कितीतरी वेळ चाले, गायक प्रत्येक आवर्तनाला नवी वाट काढी आणि पहाट झाली तरी प्रेक्षक उठत नसे. ही सारी ऐसपैस मैफल तीन मिनिटांत बसवायची म्हणजे काय, याचा विचार करावा. मुखडा, अंतरा, मोजक्या ताना आणि परत समेवर येणे, इतकेच. कोणती जागा ठेवायची नि कोणती गाळायची, हा निर्णय गवयाला आधीच करावा लागे. म्हणून मुद्रिकेला नाटकाचा तुकडा समजणे अन्यायाचे आहे. ते त्या भूमिकेचे गवयाने स्वतः काढलेले सार आहे. उणीवही तेवढीच खरी. तबकडीवर पद येते, त्या पदाआधीचा संवाद येत नाही. पद कोणाला उद्देशून आहे, ते ऐकणारे पात्र कसे उभे आहे, हे श्रोत्याला नाटक वाचून मनाने भरावे लागते.

तीन भूमिका मात्र मुद्रिकांतून इतक्या स्पष्ट वेगळ्या ऐकू येतात की हे भरण्याचे काम सोपे होते.

पहिली ‘मानापमान’मधील भामिनी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १२ मार्च १९११ रोजी मुंबईत प्रथम रंगले. त्याच दिवशी बालगंधर्वांची कन्या वारली आणि तरीही त्यांनी प्रयोग थांबविला नाही, ही हकीगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. भामिनी श्रीमंत घरची मानी मुलगी आहे. गरीब सेनापती धैर्यधराशी विवाह तिला अपमानाचा वाटतो, आणि पुढे वनमाला होऊन ती त्याच्याच सहवासात येते. गोविंदराव टेंबे यांनी या नाटकासाठी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली आणल्या. लाडिक, खेळकर, क्षणात रुसणाऱ्या त्या चाली म्हणजे भामिनीचा स्वभावच. ‘नाही मी बोलत नाथा’ हे पद ऐकताना रुसव्याच्या आड हसू लपलेले आहे हे केवळ आवाजावरून कळते. ‘नाही’ हा शब्द प्रत्येक वेळी निराळ्या वजनाने येतो. एकदा नकार, एकदा आर्जव, एकदा नुसती थट्टा. व्याकरणाच्या तासाला एका शब्दाचे तीन अर्थ समजावून सांगण्यास अर्धा फळा लागतो.

दुसरी ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी, १९१६ ची. नाटक खाडिलकरांचेच, पण चाली भास्करबुवा बखले यांच्या, आणि त्या ख्यालाच्या बंदिशींतून घडलेल्या. येथे ठुमरीचा नखरा नाही. यमनातील ‘नाथ हा माझा’ असो की बिहागातील ‘मम आत्मा गमला’, राग पूर्ण शुद्धतेने उभा राहतो आणि तरीही तो रुक्मिणीच्या बोलण्याबाहेर जात नाही. भामिनीला स्वतःचेच मन ठाऊक नव्हते. रुक्मिणीचा निश्चय झालेला आहे, म्हणून तिचा स्वर स्थिर आहे. शास्त्रीय संगीत न शिकलेला श्रोताही ‘स्वयंवर’च्या पदांतून यमन ओळखू लागला, असे अनेक जुन्या रसिकांबाबत घडले. ही किमया बखलेबुवांची अर्धी आणि गंधर्वांच्या सुराची अर्धी.

तिसरी भूमिका सर्वांत अवघड. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास प्रथम रंगले, पण ते पाहावयास लेखक नव्हता. २३ जानेवारीस नागपूरजवळच्या सावनेर येथे गडकरींचे निधन झाले होते. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली आणि अनेक चाली सुंदराबाई जाधव यांच्याकडून आल्या. भरजरी शालू आणि अलंकारांसाठी गाजलेला हा नट दारुड्या वकिलाच्या पत्नीची, सिंधूची, भूमिका ठिगळ लावलेल्या लुगड्यात करू लागला. दारूने मोडणारे घर ही गोष्ट अहिवारा-नंदिनीच्या खाणवस्तीला पुस्तकातून कळावी लागत नाही. सिंधू येथे कुणालाही ओळखता येईल. ‘कशि या त्यजू पदाला’ या पदात ताना आहेत, परंतु त्या सौंदर्यासाठी घेतलेल्या वाटत नाहीत. हुंदका आवरताना आवाज जसा वळतो तशा त्या वळतात. आजच्या मुलीने सिंधूची सहनशीलता आदर्श मानावी काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. सहनशीलतेचा तो गौरव आज स्वीकारणे कठीण आहे. तरीही तो आवाज तिच्या दुःखाची थट्टा होऊ देत नाही, हेही तितकेच खरे.

या तीन मुद्रिका एकामागून एक ऐकाव्यात. गळा तोच, साथीला ऑर्गन, सारंगी नि तबला. तरी तीन स्त्रिया वेगळ्या उभ्या राहतात. याचे मोठे कारण शब्दोच्चार. बालगंधर्व शब्द तोडीत नाहीत. तान अक्षराच्या स्वरावर फिरते आणि व्यंजन जागच्या जागी स्वच्छ पडते. जोडाक्षरे गिळली जात नाहीत, ‘ळ’ आणि ‘ण’ यांची गल्लत होत नाही. चोहीकडे हिंदी आणि छत्तीसगढी ऐकत वाढणाऱ्या मुलांच्या कानांवर मराठीचा ‘ळ’ घराबाहेर केवळ शाळेतच पडतो. त्यांच्यासाठी या तबकड्या भाषेचा पाठ म्हणूनही मोलाच्या आहेत. शुद्धलेखन पाटीवर शिकता येते; ‘ळ’ मात्र कानानेच शिकावा लागतो.

जे आवाजाने साधले, ते चित्रपटाने साधले नाही. प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये (१९३५) बालगंधर्व संत एकनाथ झाले, पुरुषवेषात त्यांचे चाहते त्यांना शोधत राहिले. दोन वर्षांनी ‘साध्वी मीराबाई’त ते स्त्रीवेषात पडद्यावर आले तेव्हा वय एकोणपन्नास झाले होते, आणि रंगमंचावर चालून जाणारी माया कॅमेऱ्यापुढे चालली नाही. तबकडीला मात्र वय दिसत नव्हते, शरीर दिसत नव्हते.

महाराष्ट्राबाहेर राहून तबकड्यांवर वाढलेल्या एका मोठ्या श्रोत्याचा उल्लेख येथे अटळ आहे. शिवपुत्र कोमकली या कानडी घरातील मुलाने बालपणी नामवंत गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखविल्या, आणि त्यावरून लहानपणीच तो ‘कुमार गंधर्व’ झाला. क्षयाच्या विकारामुळे १९४८ मध्ये ते देवासला, मध्यप्रदेशात, जाऊन राहिले आणि तेथेच स्थिरावले. पुढे १९६५ साली त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला. त्यात नक्कल नव्हती. लहानपणी हुबेहूब नक्कल करणारा तोच गळा आता प्रत्येक पदाचे मर्म स्वतःच्या आवाजात शोधीत होता. या कार्यक्रमाचीही पुढे ध्वनिमुद्रिका निघाली.

आपल्यापासून जवळच असलेल्या खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या मराठी संगीतज्ञाने भूषविले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या विद्यार्थ्यांना पदांमागील राग समजून घ्यावयाचे असतील, त्यांना मुंबई-पुणे गाठण्याची गरज नाही. खैरागढचा रस्ता अहिवाऱ्याहून फार लांबचा नाही. तेथे जाण्यापूर्वी ‘स्वयंवर’ ऐकून जावे आणि परत आल्यावर पुन्हा ऐकावे.

कुमारांनी तो कार्यक्रम केला तेव्हा बालगंधर्व हयात होते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.