कोटेशनात न दिसणारे पाणी



बागकाम व्यावसायिकांच्या या परिषदेचे यजमानपद वसई-विरारकडे आहे. पाहुण्यांसमोर गावाचा मोठेपणा सांगायची स्वागताध्यक्षाला मुभा असते. सोपाऱ्याचा अशोककालीन शिलालेख, १७३९ चा चिमाजी अप्पांचा विजय आणि इथली सुकेळी एवढी नावे घेऊन ती मुभा मी संपवतो, कारण मला आज एक मुद्दा नेटाने मांडायचा आहे. लॉनच्या निगेचा व्यवसाय या शहरात नव्याने सुरू करणाऱ्याने स्वस्त माळी पुरवणारा म्हणून बाजारात उतरू नये. पाण्याचा हिशेब मांडणारा म्हणून उतरावे आणि त्या हिशेबात गिऱ्हाइकाचे लॉन निम्मे करावे असे निघाले, तर तेही सांगावे.

काम इथे भरपूर आहे, याबद्दल वाद नाही. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि भोवतालच्या ग्रामपंचायती एकत्र येऊन महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या बारा लाखांवर होती. चार हजार चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडांवर दहा टक्के मोकळी जागा सोडण्याचा राज्याचा नियम आहे आणि बिल्डर त्या जागेवर बहुधा हिरवा गालिचा अंथरून ताबा देतो. पण स्पर्धाही तशीच आहे. हजेरीवरचा माळी आहे, नर्सरीवाला आहे, सुरक्षारक्षक आणि साफसफाईबरोबर बागही एकाच ठेक्यात घेणारी कंपनी आहे. एक ब्रश कटर आणि दोन माणसे एवढ्या भांडवलावर कुणीही उद्यापासून सुरुवात करू शकतो. जिथे शिरणे इतके सोपे, तिथे दर पाडून टिकता येत नाही; आज आपण शंभर रुपयांनी खाली गेलो, तर पुढच्या महिन्यात दुसरा दोनशेंनी जाईल.

आता पाणी पाहू. आपल्याकडे सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एप्रिल-मेच्या उन्हात लॉनला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एक हजार चौरस मीटरच्या लॉनला म्हणून रोज पाच हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर रोज अर्धा, महिन्याला पंधरा. टँकरचा दर आपण सारे जाणता. तो पंधराने गुणून माळ्याच्या पगाराशेजारी ठेवून पाहा. सोसायटीची कमिटी तीन कोटेशने मागवून माळ्याच्या पगारावर घासाघीस करते आणि हा आकडा कोणत्याच कोटेशनात नसतो. शिवाय ते टँकरचे पाणी कुठल्या तरी विहिरीतून आलेले असते. बागायती गावांतल्या पाणीउपशाविरुद्ध हरित वसईच्या चळवळीने आवाज उठवला, तो याच भूमीत. सोनचाफा आणि मोगऱ्याच्या वाडीखालचे गोडे पाणी उपसून शोभेचे गवत जगवणे हा उफराटा कारभार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातही पुष्कळसे पाणी वायाच जाते. इमारतीभोवती वरच्या चार बोटे लाल मातीखाली डेब्रिजचा भराव असतो. मुळे खोल जात नाहीत, माती पाणी धरून ठेवत नाही. दोन टॉवरच्या मधल्या सावलीत गवत विरळ होते, त्यात लव्हाळा घुसतो आणि दरवर्षी नव्या गादीचे पैसे पडतात. पावसाळ्यात उलटा प्रकार: निचरा नसेल तर गवत कुजते, असेल तर आठ-दहा दिवसांत कापणीला येते. तरी ठेका मात्र बाराही महिने सारख्याच फेऱ्यांचा.

यावर पहिला आक्षेप येईल की मोठ्या संकुलांत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असते, मग पाण्याची चिंता कशाला? वीस हजार चौरस मीटरपुढच्या नव्या बांधकामांपुरते ते खरे आहे. नालासोपारा किंवा नवघर-माणिकपूरच्या जुन्या चार मजली इमारतींना त्याचा उपयोग नाही. आणि जिथे केंद्र आहे, तिथेही ते नीट चालले तरच पाणी बागेला देण्याजोगे राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लॉन कमी करा असे सांगणारा स्वतःच्याच पोटावर पाय आणत नाही का? लॉन एवढीच सेवा विकणाऱ्याच्या बाबतीत तसे होईलही. पण लॉनऐवजी आलेली जास्वंद, मोगरा, सावलीत टिकणारी झाडे छाटावी लागतात, त्यांना खत आणि आच्छादन लागते. हे काम ब्रश कटरवाल्याला जमत नाही आणि वाडीत वाढलेल्या इथल्या मुलांना ते घरात पाहून ठाऊक असते. कापणीचे चौरस फूट घटतील, कौशल्याचे काम वाढेल, आणि टँकर वाचवून देणाऱ्याला कमिटी सहसा बदलत नाही.

तिसरा आक्षेप, कमिटी शेवटी सर्वांत कमी आकडाच पाहते. पाहणारच, कारण आपण तिच्यासमोर दुसरे काही ठेवतच नाही. कापणी कोणत्या महिन्यात किती वेळा, लव्हाळा गाठीसकट काढणार की वरून कापणार, शेणखत किती, पोयटा कधी, मेलेले गवत कोणाच्या खर्चाने बदलणार आणि उन्हाळ्यात रोज किती लिटर पाणी लागेल, हे लिहिल्याशिवाय दोन कोटेशनांची तुलना होऊच शकत नाही. सर्वांच्या कोटेशनात हे रकाने असले, तर स्वस्त कोटेशन नेमके कशामुळे स्वस्त आहे ते कमिटीला दिसेल.

म्हणून यजमान या नात्याने माझी एकच विनंती आहे. दुपारच्या सत्रात भाषणे थोडी आवरती घ्यावीत आणि वसई-विरारच्या सोसायट्यांना देण्याजोगा, पाण्याचा रकाना असलेला कोटेशनचा एक सामाईक नमुना मराठीत तयार करूनच परिषद उठावी.