अंगचं कवच



तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करताना तुम्ही पाहिलं असेल. भांडं भट्टीवर तापायचं, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि कथील फिरवलं की भांडं आतून लखलखायचं. पण ही कल्हई वरून चढवलेली, ती झिजायचीच.

ॲल्युमिनियमचं तसं नाही. हवा लागताच त्याच्यावर त्याच्याच ऑक्साइडचा थर धरतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतल्या दोन-चार भागांएवढी त्याची जाडी. लोखंडाचा गंज पोपडे होऊन गळतो. हा थर मात्र धातूला घट्ट बिलगून राहतो.

तरी कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यापुढे तो अपुरा पडतो. मीठ त्याला बारीक भोकं पाडतं, पांढरी पूड दिसू लागते. म्हणून तोच थर कारखान्यात मुद्दाम वाढवतात. हे ॲनोडायझिंग. ब्रिटनमध्ये १९२३ साली, समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी ते प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं.

आज बहुधा विरळ गंधकाम्लाच्या हौदात वस्तू बुडवतात आणि विजेच्या धन टोकाला जोडतात. खिडकीच्या पट्टीवर साधारण १० ते २५ मायक्रॉनचा थर येतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या थरात असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांत रंग मुरवायचा आणि वस्तू उकळत्या पाण्यात ठेवायची. थर फुगतो, छिद्रं मिटतात, रंग आत बंदिस्त होतो. पावडर कोटिंग मात्र वेगळं: ती वरून फवारून भट्टीत भाजलेली रंगाची पूड.

या कवचाचा वैरी म्हणजे अल्क. धुण्याचा सोडा आणि ओलं सिमेंट त्याला खातात. आमच्या घरी गिलाव्याची डागडुजी झाली, तेव्हा खिडकीच्या सोनेरी चौकटीवर सिमेंटचे शिंतोडे उडाले. दुसऱ्या दिवशी खरवडून काढले. खाली पांढरट डाग उरले, ते आजही आहेत.

म्हणून घरात गवंडीकाम निघालं, तर आधी चौकटींना चिकटपट्टी लावा. शिंतोडा उडालाच, तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. एरवी मऊ फडकं आणि सौम्य साबण पुरे. तारेची घासणी नको. कल्हई गेली, तर कल्हईवाला पुन्हा लावून द्यायचा. भिंतीत बसलेल्या खिडकीवर हा थर पुन्हा वाढवता येत नाही.