बाळंतपण आणि आतून तपासणीची भीती
(संस्थेच्या महिला मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने दिलेले व्याख्यान)



आज मला जो विषय दिला आहे तो चारचौघांत उच्चारायला आपण लाजतो. परंतु ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्याविषयी कोणी बोलत नाही, आणि जिच्याविषयी कोणी बोलत नाही तिची भीती वाढत जाते. प्रसूतिगृहात अनेक वर्षे काम करताना मी एक गोष्ट सतत पाहिली. कळांना तोंड द्यायला बाई तयार असते, पण "टेबलावर घ्या, आतून तपासायचे आहे" असे शब्द कानावर पडले की तिचे हातपाय गार पडतात. काही भगिनी एवढ्याच भीतीपोटी नवव्या महिन्यातली तपासणी चुकवतात. काही जणी कळा सुरू झाल्या तरी घरात दडवून ठेवतात आणि अगदी शेवटच्या क्षणी दवाखान्यात येतात. अशा वेळी आई आणि बाळ दोघांच्याही जीवाला धोका होतो. म्हणून हा विषय लाजेचा नाही, जीवन-मरणाचा आहे.

प्रथम ही तपासणी म्हणजे काय ते समजून घेऊ. डॉक्टर किंवा सिस्टर निर्जंतुक हातमोजे घालून दोन बोटे योनिमार्गातून आत घालतात आणि गर्भपिशवीचे तोंड कितपत मऊ झाले, किती उघडले, बाळाचे डोके किती खाली आले, पाणमोट शाबूत आहे की फुटली, हे पाहतात. पूर्ण उघडलेले तोंड म्हणजे सुमारे 10 सेंटीमीटर. एवढी माहिती घ्यायला साधारण एक-दोन मिनिटे पुरतात. बाळाला इजा होईल, ही भीती निराधार आहे. बाळ गर्भपिशवीत सुरक्षित असते.

नवव्या महिन्यात प्रत्येकीची आतून तपासणी करावीच लागते असे नाही. वजन, रक्तदाब, रक्त-लघवी, पोटावरून बाळाची स्थिती आणि ठोके, एवढ्यावर पुष्कळ कळते. दिवस भरत आले, कळा सुरू झाल्या, पाणी जाऊ लागले किंवा कळा आणण्याचे औषध द्यायचे असले, तर आतून पाहण्याचे कारण असते. कळा नीट सुरू झाल्यावर, सारे सुरळीत असेल तर, साधारण चार तासांनी एकदा तपासावे असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली सांगितले आहे. म्हणजे दर अर्ध्या तासाने, येईल त्याने तपासावे, असे शास्त्र सांगत नाही. उलट वारंवार तपासण्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणखी एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. शेवटच्या महिन्यांत अंगावरून लाल रक्त जात असेल, तर वार कोठे आहे हे सोनोग्राफीने कळल्याशिवाय आतून तपासायचे नसते. वार खाली असेल तर त्या तपासणीने रक्तस्राव वाढू शकतो. सोनोग्राफीचा कागद म्हणूनच नेहमी जवळ ठेवावा.

आता इतर उपचार थोडक्यात. सलाईनची सुई हाताला लागते, ती टोचताना क्षणभर दुखते. पाणमोट फोडतात तेव्हा पाण्याच्या पिशवीला संवेदना नसते. जाणवते ती तपासणी आणि मग कोमट पाणी. टाके घालण्यापूर्वी ती जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देतात. ते दिले नसेल किंवा तरीही दुखत असेल तर मोठ्याने सांगावे. प्रत्येकीला छेद द्यायलाच हवा असेही नाही. सिझेरियनसाठी बहुतेक वेळा पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. बाई जागी असते, ओढल्यासारखे जाणवते, परंतु कापल्याची वेदना होत नाही. पूर्वी सरसकट केस काढायचे आणि एनिमा द्यायचा. हे सर्वांना करण्याची आता गरज मानली जात नाही.

भीती का वाटते? पहिले कारण अज्ञान, आणि त्यात आपला दोष नाही. आपल्याला कोणी सांगितलेलेच नसते. दुसरे कारण ऐकीव गोष्टी. डोहाळजेवणाला जमलेल्या बायका कौतुकाबरोबर भयकथाही सांगतात. तिसरे कारण उघडे पडण्याची लाज. चौथे कारण अधिक खोल आहे. काहींना पूर्वी जबरदस्तीचा, मारझोडीचा किंवा लहानपणी कोणी छळल्याचा अनुभव असतो. त्यांचे शरीर त्या जागी स्पर्श झाला की आपोआप आकसते. हे नाटक नव्हे, हट्टही नव्हे. अशा भगिनीने सगळी कहाणी सांगायची गरज नाही. "मला या तपासणीची फार भीती वाटते, हळू करा" एवढे वाक्य सांगितले तरी समजदार सिस्टर समजून घेते. भीतीने झोप उडत असेल, दवाखान्याची पायरीच चढवत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यावर समुपदेशनाने इलाज होतो.

आता प्रत्यक्ष काय करावे? सातव्या-आठव्या महिन्यातच प्रसूतिगृह एकदा पाहून यावे. टेबल, खोली, माणसे ओळखीची झाली की निम्मी भीती जाते. तपासणीपूर्वी लघवी करून यावे. मूत्राशय भरलेले असले की जास्त दुखते. टेबलावर टाचा जवळ घ्याव्यात आणि गुडघे बाजूला सैल सोडावेत. कंबर उचलू नये. कंबर उचलली की स्नायू आवळतात आणि मगच दुखते. दात आवळू नयेत, मुठी उघड्या ठेवाव्यात. नाकाने श्वास घ्यावा आणि तोंडाने फुंकर घातल्यासारखा सावकाश सोडावा. श्वास बाहेर जात असताना तपासणाऱ्याने बोटे आत घ्यावीत, असे सांगता येते. आपल्यापैकी ज्यांना आनापानाची सवय आहे त्यांना हे नवे नाही. येणारा-जाणारा श्वास पाहत राहणे येथेही उपयोगी पडते. कळ चालू असेल तर "कळ जाऊ द्या, मग तपासा" असे म्हणावे. पाठीवर झोपवत नसेल तर कुशीवर वळून तपासता येते का, हे विचारावे. सहन होईना तर "थांबा" म्हणावे, आणि ऐकणाऱ्याने थांबले पाहिजे.

भगिनींनो, हे मागणे म्हणजे उपकार नव्हेत. तपासणी का करायची, हे विचारण्याचा आणि समजल्यावर होकार किंवा नकार देण्याचा अधिकार आपल्याला आहे. पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असावी, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. एका गोष्टीच्या संमतीत दुसरी गोष्ट धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले. म्हणून बाळंतपणानंतर तांबी बसवायची असेल तर तिची संमती वेगळी घ्यावी लागते. सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात, जो डिसेंबर 2017 मध्ये सुरू झाला, पडदा, सन्मानाची वागणूक आणि सोबतीला विश्वासाची स्त्री या गोष्टी धरल्या आहेत. सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि सिझेरियन, औषधे, तपासण्या 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. आपण मोफत उपचार घेतो म्हणून खालच्या मानेने अपमान सोसावा, असा त्याचा अर्थ होत नाही. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे बाबासाहेबांनी जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मांडले होते. बाळंतीण दयेची नव्हे, हक्काची धनी आहे, हा विचार आपल्याला नवा नाही.

येथे बसलेल्या पुरुष बांधवांना आणि सासूबाईंना विनंती आहे. "आम्ही नाही का पोरं काढली?" हे वाक्य तेवढे टाळा. तिच्याबरोबर जा, दारात थांबा, तिची फाईल सांभाळा, तिला जे विचारायला जमत नाही ते तिच्या वतीने नम्रपणे विचारा. आणि नर्सिंगच्या व वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांनो, तुम्हाला शिकायचे आहे हे मान्य. पण आधी स्वतःचे नाव सांगा, परवानगी मागा, पडदा ओढा, अंगावर चादर घाला, काय करणार ते करण्यापूर्वी सांगा. तिने नाही म्हटले तर राग धरू नका. याला पैसे लागत नाहीत.

शेवटी सावधगिरी. तपासणीनंतर थोडा चिकट, लालसर स्राव दिसला तर घाबरू नये. मात्र पाळीसारखे रक्त जाणे, पाणी गळणे, बाळाची हालचाल कमी होणे, ताप, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा झटके, यांपैकी काहीही झाले तर रात्र-पहाट न पाहता 108 किंवा 102 ला फोन करावा आणि रुग्णालय गाठावे. त्या वेळी तपासणीच्या भीतीने घरी थांबू नये.

भीती वाटणे हा कमीपणा नाही. ती बोलून दाखवली की हलकी होते. लपवली की दवाखान्याचे दार बंद करते. आज घरी गेल्यावर आपल्या वस्तीतल्या एका तरी गरोदर मुलीशी या विषयावर मोकळेपणाने बोला, एवढेच माझे मागणे आहे.