फाईल उघडली, पण अक्षरं हरवली



वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ-भुईगावकडच्या वाड्यांमध्ये, एके काळी विहिरीवर रहाट फिरत असत. त्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलझाडं पोसली जात. पुढे विजेचे पंप आले, रहाट गेले. रहाटाच्या प्रत्येक भागाला आमच्या सामवेदी बोलीत नाव होतं. तीही नावं हळूहळू जिभेवरून उतरली.

माझ्या एका शिक्षकमित्राने ही नावं गोळा केली होती. रहाटाची, राजेळी केळ्यांची सुकेळी करण्याच्या कामातली, लग्नघरातली. २००१ साली त्याने ती एका डीटीपी सेंटरमधून टाईप करून घेतली. पैशांअभावी पुस्तक काही निघालं नाही. मित्रही गेला. २०१९ साली त्याची मुलगी एक सीडी घेऊन माझ्याकडे आली. "सर, पप्पांचं पुस्तक यात आहे. फाईल उघडते, पण वाचता येत नाही."

मी पाहिलं. पानांचे आकडे जागच्या जागी, मथळे ठळक, समास नीट. मजकूर मात्र इंग्रजी अक्षरांचा खिचडा. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या पायाशी शेपूट. मराठीचं एकही अक्षर नाही.

असं का होतं, ते थोडं समजून घेऊ. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. त्या आकड्याला कोणतं चित्र दाखवायचं, हे फॉण्ट ठरवतो. पूर्वी एका फॉण्टमध्ये जेमतेम अडीचशे जागा असत आणि त्या इंग्रजी व युरोपीय अक्षरांसाठी नेमलेल्या होत्या. मराठी फॉण्ट करणाऱ्यांनी त्याच जागांवर आपली अक्षरं बसवली. प्रत्येकाने आपल्या सोयीने. एकाच्या घरात ज्या आकड्यावर 'क', दुसऱ्याच्या घरात त्यावर 'ळ'. भर म्हणजे १२८च्या पुढच्या आकड्यांचा अर्थ मॅकिन्टॉश संगणकावर एक आणि विंडोजवर दुसरा. म्हणून घरी विंडोजवर टाईप केलेला लेख छापखान्यातल्या मॅकिन्टॉशवर गेला, की संपादकाने कपाळाला हात लावायचा.

यावर तोड काढण्याचे प्रयत्न झाले. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाणक १९९१ साली ठरलं. त्याच वर्षी जगातल्या लिप्यांना एका यादीत आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा, कायमचा आकडा असतो. 'वसई' हा शब्द घ्या. व म्हणजे २३५७, स म्हणजे २३६०, ई म्हणजे २३१२. संगणक कुठल्याही कंपनीचा असो, मोबाईल असो, आकडे हेच. फॉण्ट बदलला तर अक्षराचं वळण बदलेल, अक्षर नाही. विंडोज २०००मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली. पण टाईप करणाऱ्यांच्या बोटांना जुना कळफलक सवयीचा होता आणि पानं लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरना युनिकोडची देवनागरी पेलत नव्हती. म्हणून त्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याकडे जुन्या फॉण्टमध्येच टायपिंग चालू राहिलं.

माझ्या मित्राची फाईल त्याच काळातली. ज्याने ती टाईप केली, त्याचा विरारमध्ये शोध लागला. धंदा बंद झाला होता, पण जुना संगणक माळ्यावर होता आणि सुदैवाने चालू झाला. त्यातला फॉण्ट आणून बसवला आणि खिचड्याचं एका क्षणात मराठी झालं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही लगेच संपूर्ण मजकूर कागदावर छापून घेतला.

पण काम संपलं नव्हतं. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर पुन्हा खिचडाच. मग फाईल युनिकोडमध्ये बदलायची ठरवली. असं रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात, बरंचसं काम चुटकीसरशी होतं. अडचण उरलेल्या भागात. जुन्या फॉण्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होई, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराचं याच्या उलट. या उलथापालथीत प्रोग्रॅम चुकतो. कुठे वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, कुठे 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा एकदम समुद्र!

प्रमाण मराठीत अशी चूक चटकन लक्षात येते, कारण मूळ शब्द आपल्याला माहीत असतो. बोलीतला शब्द मात्र कुठल्याच कोशात नाही. तिथे प्रोग्रॅमने केलेली चूक हाच शब्द होऊन बसतो आणि पुढच्या पिढीला तोच खरा वाटतो. ही मला सगळ्यांत मोठी धास्ती वाटली.

म्हणून आम्ही तिघं बसलो. मी छापील प्रतीतून मोठ्याने वाचायचं, मुलीने पडद्यावर पाहायचं आणि तिच्या ऐंशी वर्षांच्या आत्याने ऐकायचं. आत्याबाई मध्येच म्हणत, "छे! असं कोण बोलतं?" तेव्हा कधी प्रोग्रॅमची चूक निघे, कधी २००१ सालच्या टायपिंगची. रविवारमागून रविवार गेले. रहाटाच्या शब्दांचं पान आलं, तेव्हा आत्याबाईंनी दोन शब्द आणखी सांगितले. तेही घातले.

श्रोतेहो, वसईतच नव्हे, महाराष्ट्रभर अशा सीडी आणि पेनड्राईव्ह कपाटांत पडून आहेत. ग्रंथालयांच्या स्मरणिका, शाळांचे इतिहास, कुणाच्या आजीच्या ओव्या. त्या आता बाहेर काढा. जुन्या फॉण्टचं नाव लिहून ठेवा, फॉण्ट मिळाला तर फाईलसोबत जपा. मजकूर आधी छापून घ्या, मगच युनिकोडमध्ये बदला. मूळ फाईल पुसू नका. नवं काही लिहाल, ते युनिकोडमध्येच लिहा आणि कुणाला पाठवताना सोबत पीडीएफ प्रत जोडा, म्हणजे समोरच्याला ताडून पाहता येईल.

आणि रूपांतर झाल्यावर ते शब्द ज्यांच्या तोंडी होते, अशा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवून एकदा वाचून दाखवा. आमच्या आत्याबाई मागच्या वर्षी गेल्या. त्यांनी सांगितलेले ते दोन शब्द आता त्या फाईलमध्ये आहेत आणि कुठल्याही मोबाईलवर वाचता येतात.