माहेरपण आणि अपहरण

मुलगी अमेरिकेहून नातवाला घेऊन महिनाभराच्या सुटीवर येते. परतीचं तिकीट पर्समध्येच असतं. आणि एके रात्री ती आईला सांगते, 'आता मी जाणार नाही.' आपण म्हणतो, पोर माहेरी आली. तिकडचं न्यायालय याला म्हणतं बाल-अपहरण. वडिलांनी मूल उचलून आणलं, तरी शब्द तोच.

मी कौटुंबिक दाव्यांचं काम करते. हा शब्द ऐकून आजी-आजोबा अक्षरशः दचकतात. पोटच्या पोराचं कुणी अपहरण करतं का, असं विचारतात. श्रोतेहो, प्रश्न रास्त आहे; पण मुलाचा दुसरा पालक, तिकडे रिकाम्या खोलीत बसलेला, त्याचं काय?

याच प्रश्नावर २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग इथे एक करार झाला. सोळा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून परदेशी नेलं, तर त्याला लवकरात लवकर त्याच्या नेहमीच्या राहत्या देशात परत पाठवायचं. इथे फार मोठा गैरसमज होतो. परत पाठवणं म्हणजे बापाच्या किंवा आईच्या ताब्यात देणं नव्हे. ताबा कुणाकडे, हे तिथलं न्यायालय ठरवतं. शंभराहून अधिक देश या करारात आहेत. भारत नाही.

त्यामुळे आपल्याकडे बहुधा हेबिअस कॉर्पसचा अर्ज होतो आणि प्रत्येक मुलाचा विचार वेगळा होतो. १९८६ चं उदाहरण घ्या. मिशिगनमध्ये घटस्फोट झालेला, मुलगा आईकडे. वडील ठरल्या भेटीसाठी त्याला घेऊन गेले ते थेट पुण्याला, आपल्या आईवडिलांकडे. आई सर्वोच्च न्यायालयात आली. वर्ष संपायच्या आत मुलगा तिच्या हवाली झाला. दुसऱ्या एका खटल्यात आईनं लहानग्याला भारतात आणलं होतं. अंतिम निकाल लागेपर्यंत १९९७ उजाडलं. मुलगा बारा वर्षं आईपाशी वाढलेला. तो तिच्याकडेच राहिला. मला विचाराल तर दुसरा निकाल न्यायाधीशांच्या आधी कॅलेंडरनं दिला होता. म्हणूनच इथे तारखांवर तारखा मागणारा पक्ष कोणता, ते मी आधी बघते.

मग भारतानं करारावर सही का करू नये? विधी आयोगानं २००९ मध्ये तशी शिफारस केली होती, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही आला. विरोध झाला तो स्त्रियांच्या प्रश्नावरून, आणि तो पोकळ नव्हता. मुलाला गंभीर धोका असेल तर परत न पाठवण्याची मुभा करारात आहे. पण आईला होणाऱ्या मारहाणीचा त्यात स्पष्ट उल्लेखच नाही. त्यातून नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर गेलेली बाई. घटस्फोट झाला की तिचा तिथे राहण्याचा आधारच जातो. तिनं दावा लढायचा कुठल्या घरात राहून? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याचा एक मुद्दा. मुलाचं हित त्याच्या वर. हे मला पटतं. पण त्याचा अर्थ 'भारतात आलो की सुटलो' असा घेणाऱ्यांना मी बसवून सांगते, की २०२० मध्ये याच न्यायालयानं एका मुलीला अमेरिकेला परत पाठवलं आहे.

जमत असेल तर तिथून निघण्याआधीच तिथल्या न्यायालयात जावं. मारहाण झाली असेल तर पोलिसांत नोंद करावी, डॉक्टरांचा कागद जपून ठेवावा. आणि परत जाण्याचा आदेश झालाच, तर रिकाम्या हातानं विमानात बसू नये. २००९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं आईच्या प्रवासाचा खर्च, तिथे राहण्याची सोय आणि तिच्याविरुद्धची वॉरंटं रद्द व्हावीत यासाठीची विनंती, हे सगळं वडिलांवर सोपवलं होतं. आपल्या वकिलांना तो निकाल दाखवा आणि एकेक अट आदेशात लिहून मागा.