शींव कोणीं ठरवावी?

इंग्लंडांतील एखाद्या खेड्याच्या कडेला नवी वसाहत उभी राहते, तेव्हां आरंभीं तिच्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. घरें बांधलीं जातात, कुटुंबें राहावयास येतात, मुलें जवळच्या शाळेंत जाऊं लागतात. पुढें केव्हां तरी असें लक्षांत येतें कीं, वसाहतीच्या मधूनच गांवची जुनी शींव गेलेली आहे. रस्त्याच्या एका बाजूचीं घरें एका पॅरिशमध्यें मोडतात, दुसऱ्या बाजूचीं दुसरीमध्यें. दोन्ही बाजूंच्या लोकांचें दुकान एक, मुलांचें क्रीडांगण एक, बसचा थांबा एक. परंतु त्यांची पट्टी दोन निरनिराळ्या कौन्सिलांकडे जाते आणि त्यांचे प्रतिनिधिहि निरनिराळे असतात. क्रीडांगणाची डागडुजी एका कौन्सिलानें करावी आणि तेथें खेळणाऱ्या निम्म्या मुलांच्या आईबापांना त्या कौन्सिलाच्या निवडणुकींत मतच असूं नये, असा विचित्र प्रकार घडतो. मग कोणी तरी अर्ज लिहितो आणि घरोघर सह्या गोळा करण्यास निघतो. त्या अर्जाचें पुढें काय होतें, तें पाहण्यासारखें आहे.

पॅरिश हा शब्द मूळचा ख्रिस्ती धर्मसंस्थेंतील. एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील प्रदेश म्हणजे पॅरिश. गरिबांना मदत, रस्त्यांची दुरुस्ती अशीं लौकिक कामेंहि कित्येक वर्षें 'व्हेस्ट्री' नांवाच्या चर्चच्या सभेकडे असत. १८९४ च्या कायद्यानें हा कारभार धर्मसंस्थेपासून निराळा केला आणि ग्रामीण भागांत लोकनियुक्त पॅरिश कौन्सिलें स्थापन झालीं. पार्लमेंटच्या निवडणुकींत स्त्रियांना १९१८ पर्यंत मत नव्हतें. परंतु पॅरिश कौन्सिलासाठीं मत देण्याचा व उमेदवार म्हणून उभें राहण्याचा हक्क विवाहित स्त्रियांनाहि १८९४ च्या कायद्यानेंच मिळाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वेल्समध्यें १९७४ पासून या संस्थांच्या जागीं कम्युनिटी कौन्सिलें आलीं; इंग्लंडांत मात्र जुनें नांव कायम आहे.

पॅरिश कौन्सिल म्हटलें कीं आपणांस ग्रामपंचायतीची आठवण होते. तथापि त्याचे अधिकार बरेच मर्यादित आहेत. शिक्षण, हमरस्ते इत्यादि मोठा कारभार वरच्या कौन्सिलांकडे असतो. दफनभूमि, क्रीडांगण, गांवचें सभागृह, बसच्या थांब्यावरील निवारा, भाजीपाला लावण्यासाठीं लोकांना भाड्यानें द्यावयाचे जमिनीचे तुकडे, अशा गोष्टी पॅरिश कौन्सिल पाहतें. या खर्चाची रक्कम वरच्या कौन्सिलाकडून वसूल होणाऱ्या घरपट्टींत मिळविली जाते. अर्थात् शींव हलली कीं केवळ नकाशा बदलतो असें नव्हे; कोणीं किती पैसे द्यावयाचे आणि कोणाला जाब विचारावयाचा, हेंहि बदलतें.

पूर्वीं या शिंवांसंबंधीं शेवटचा शब्द लंडनमधील सरकारचा असे. २००७ च्या कायद्यानें तो अधिकार स्थानिक मुख्य कौन्सिलाला, म्हणजे जिल्ह्याच्या किंवा त्याच दर्जाच्या कौन्सिलाला दिला. त्याबरोबरच मतदारांनीं पुरेशा सह्यांचा अर्ज केला, तर त्या कौन्सिलानें फेरतपासणी केली पाहिजे, असेंहि सामान्यतः बंधन घातलें. किती सह्या पुरेशा, याचें प्रमाण २०१५ सालीं सौम्य करण्यांत आलें. ज्या भागासंबंधीं अर्ज आहे तेथें ५०० पेक्षां कमी मतदार असतील, तर त्यांच्यापैकीं शेंकडा ३७.५ जणांच्या सह्या लागतात. मतदार ५०० ते २,५०० असल्यास १८७ सह्या पुरतात. त्याहून मोठ्या भागांत शेंकडा ७.५ हें प्रमाण आहे. अर्जांत कोणता भाग आणि काय बदल हवा, हें स्पष्ट लिहावें लागतें. अर्ज पोंचल्यापासून एका वर्षाच्या आंत फेरतपासणी पुरी व्हावी, असा नियम आहे.

येथें एक गैरसमज होण्याचा संभव असतो. सह्या पुरेशा झाल्या म्हणजे मागणी मान्य झाली, असें अर्जदारांना वाटतें. वास्तविक सह्यांनीं चौकशीचें दार उघडतें, एवढेंच. १८७ माणसांनीं सही केली म्हणून उरलेल्या हजार-दोन हजार मतदारांचें मत कळलें, असें होत नाहीं. म्हणून कौन्सिलानें त्या भागांतील मतदारांचा व ज्यांचा संबंध पोंचतो अशा इतरांचा सल्ला घेतलाच पाहिजे, असें कायदा सांगतो. निर्णय करतांना दोन कसोट्या लावावयाच्या असतात. नवी व्यवस्था त्या वस्तीची ओळख व तिचे हितसंबंध यांना अनुरूप आहे काय, ही पहिली. आणि तिच्यानें कारभार परिणामकारक व सोयीचा होईल काय, ही दुसरी. या दोन कसोट्यांचा नेहमींच मेळ बसतो असें नाहीं. एखाद्या लहानशा वाडीला आपलें वेगळेपण प्राणाहून प्रिय असतें. पण तेथें कौन्सिल चालविण्याइतकीं माणसें नसतात. नव्या पॅरिशमध्यें १५० किंवा त्याहून कमी मतदार असतील, तर तेथें कौन्सिल स्थापण्याची शिफारसच करतां येत नाहीं. हजार किंवा अधिक असतील, तर ती करावीच लागते.

प्रतिनिधींचा प्रश्न शिंवेइतकाच नाजूक आहे. पॅरिश कौन्सिलांत निदान पांच सभासद हवेत. सबंध पॅरिशची एकच निवडणूक घ्यावी, कीं तिचे विभाग पाडावे, हेंहि याच चौकशींत ठरतें. विभाग पाडावयाचे तर आजची मतदारसंख्या पाहून भागत नाहीं. पुढील पांच वर्षांत ती किती बदलेल, याचाहि अंदाज घ्यावा लागतो. विभागांच्या सीमा सहज ओळखतां येतील अशा असाव्या आणि त्यांनीं जुने स्थानिक संबंध तोडूं नयेत, ही दृष्टिहि ठेवावी लागते. जुन्या गांवाला भीति असते, ती नव्या वसाहतीच्या संख्याबळाची. सारीच निवडणूक एकत्र झाली, तर आपला एकहि माणूस निवडून येणार नाहीं, असें तेथील वृद्धांना वाटतें. गांवाला निराळा विभाग दिल्यास ही भीति बरीचशी दूर होते आणि वसाहतीचा न्याय्य वांटाहि बुडत नाहीं.

शहरांतील लोकांनाहि या व्यवस्थेचें आकर्षण वाटावें, याचें उदाहरण खुद्द लंडनमध्यें सांपडतें. तेथील उरल्यासुरल्या पॅरिश १९६५ सालीं नाहींशा झाल्या होत्या. २००७ च्या कायद्यानें ती बंदी उठली, तेव्हां वेस्टमिन्स्टरच्या वायव्य टोंकाकडील क्वीन्स पार्क या वस्तीनें आपणांस स्वतःचें कौन्सिल हवें असा अर्ज केला. तें मिळाल्यास घरपट्टींत भर पडणार, हें उघड होतें. २०१२ सालीं तेथील रहिवाशांचीं मतें घेण्यांत आलीं. बहुमत अनुकूल पडलें आणि २०१४ सालीं पहिली निवडणूक झाली. स्वतःवर पट्टी वाढवून घेऊन लोकांनीं आपला शब्द चालेल अशी सभा पत्करली.

अर्थात् प्रत्येक अर्जाला असें यश येत नाहीं. पुष्कळदां शींव होती तेथेंच राहते. परंतु कौन्सिलाला आपला निर्णय व त्याचीं कारणें जाहीर करावीं लागतात, आणि या सर्व योजनेचें मर्म त्यांतच आहे. सही करणाऱ्याला आपली मागणी कां फेटाळली हें कळतें. सही न करणाऱ्यालाहि आपली बाजू विचारांत घेतली कीं नाहीं, हें पडताळून पाहतां येतें. शींव कोठेंहि आंखली, तरी कोणाचें तरी घर तिच्या पलीकडे राहणारच. त्या घरांतील माणसाला आधीं विचारलें गेलें आणि मागाहून उत्तर दिलें गेलें, तर निर्णय विरुद्ध जाऊनहि त्याला शेजाऱ्यांबरोबर समाधानानें नांदतां येतें.